आठ वारांचा साहेब

दुबईच्या मीना बाजारात एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत सुलक्षणाताई शिवलेल्या नऊवाऱ्या करतात. गणपतीच्या आधी महिनाभर त्या जेवतात तेही उभ्यानेच. ज्या पोरींना साधी साडी नेसता येत नाही, त्या ताईंची नऊवारी पायजम्यासारखी चढवून मंडळाच्या कार्यक्रमात मिरवतात. एकोणीस वर्षांत एकही नग परत आलेला नाही, हे ताई न विचारताही सांगतात.

चार टेलरांनी हात जोडल्यावर तो म्हातारा स्कॉटिश साहेब त्यांच्याकडे आला, ते या कीर्तीमुळेच. शनिवारी त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि त्याला किल्ट हवा होता, म्हणजे पुरुषांनी नेसायचा निऱ्यांचा घागरा. कापड त्याच्या घराण्याच्या चौकटीचं: गडद हिरवा, शाईसारखा निळा, बोटभर लाल पट्टा आणि त्याला खेटून एक बारीक पिवळी रेघ. आईने जाण्याआधी विणून घेतलेलं. विणणाराही आता राहिला नव्हता, त्यामुळे दुसरं मिळायचं नव्हतं. सोबत वडिलांचा एक फोटो होता, समोरून काढलेला.

"कितना है?"

"आठ वार."

ताई हसल्या. नऊ वार शिवणाऱ्या बाईला आठ वारांचं काय ते भय.

त्यांचे यजमान आत्माराम रास अल खोरच्या गोदामातून फोनवर म्हणाले, "शीव, पण सवयीनं काष्टा घालू नकोस म्हणजे झालं."

काष्टा नाही, पण सवय गेलीच हातात. नऊवारीत काठ मिरवायचा आणि बाकीचं पोटात घालायचं. ताईंनी सव्वीस निऱ्या घातल्या आणि प्रत्येक निरीवर लाल पट्टा आणला. मागची बाजू नुसती लालेलाल झाली.

आठवीतली उर्वी वहीतून मान वर करून म्हणाली, "आई, इट लुक्स लाइक अ फायर इंजिन."

"लग्नाचं आहे. लाल चालतं."

गुरुवारी साहेब ट्रायलला आला. आरशात पाठ बघून त्याने मागच्या निऱ्या चाचपल्या. मग म्हणाला, "उभी पिवळी रेघ कुठे गेली?"

ताईंनी अभिमानाने एक निरी उघडून दाखवली. "है ना. अंदर सेफ है."

साहेबाने खुर्चीत बसून समजावलं. लाल पट्टा बऱ्याच घराण्यांत असतो, आमची ओळख ती रेघ. निऱ्या अशा पडायला हव्यात की मागूनही अख्खी चौकट दिसावी, जणू घडी घातलेलीच नाही. मुलीला घेऊन मी पुढे चालणार, म्हणजे सगळे पाहुणे मला मागूनच बघणार.

ताईंचे कान तापले. कापडाला कात्री लावली नव्हती आणि टाके कच्चे होते, एवढंच काय ते नशीब.

"कल शाम को आना. हो जाएगा, इन्शाल्ला."

साहेब दुबईत तीस वर्षं राहिलेला; 'इन्शाल्ला' म्हणजे बहुधा 'नाही', हे शिकलेला. तो शब्द ऐकून त्याचा चेहरा आणखीच पडला.

शुक्रवारी सकाळी ताईंनी सगळं उसवलं. बोटांनी मापायची सवय बाजूला ठेवली. प्रत्येक निरीत एक पूर्ण चौकट गिळायची आणि तिच्या पुढचा बोटभर तुकडा तेवढा बाहेर ठेवायचा, म्हणजे तुकड्याला तुकडा जुळून वर पुन्हा चौकट होते. उर्वी टाचण्या घेऊन बसली. रेघ जागेवर आली की "येलो" म्हणायची, नाहीतर नुसती मान हलवायची. मान फार वेळा हलली. पहिल्या पाच निऱ्यांतच दुपार झाली; मग हात बसला.

संध्याकाळी साहेबाने किल्ट चढवला. ताईंचा आरशावर विश्वास नव्हता. "नीचे चलो. चलके दिखाओ."

सोन्याच्या दुकानापासून ज्यूसवाल्यापर्यंत साहेब चालला आणि अख्खी गल्ली बघत राहिली. ताई मागून. पावलागणिक निऱ्या उघडत, चौकट मोडे, पुन्हा जुळे. ज्यूसवाल्यापाशी तो थांबला तेव्हा पिवळ्या रेघेसकट चौकट या कुशीपासून त्या कुशीपर्यंत सलग होती. डावीकडे एका निरीत मात्र आडवी रेघ धागाभर खाली.

ते ताईंशिवाय कुणालाच दिसलं नसतं.

"हिलना मत." त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली आणि भर बाजारात गुडघ्यावर बसल्या. ज्यूसवाल्याने हातात दिलेला ग्लास सावरत साहेब पुतळ्यासारखा उभा राहिला. ज्यूसवाल्याने विचारलं, "मॅडम, साहब को कुछ लगा क्या?"

"फॅमिली का मामला है," सुईत दोरा ओवत ताई म्हणाल्या.

चार टाके घालून त्या उठल्या, दोन पावलं मागे सरल्या आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"अब जाओ," त्या म्हणाल्या. "मुडके मत देखना. पीछे मैं देख रही हूँ."