व्हरांड्याची भिंत प्रयागनं घोटली

प्रयाग गेली त्याच्या नवव्या दिवशी हाटेलाचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशीच्या दहाव्याची तयारी चालली होती. ओसरीवर भावकीतली माणसं बसलेली, आत बायका, आणि माझ्या बंडीच्या खिशात फोन वाजला. मी चौथी शिकलोय, पण फोनवरची बारीक अक्षरं मला लागत नाहीत. नातीला दिला. ऋतुजानं मनातल्या मनात वाचलं. मी म्हटलं, वाच की, कुणाचं काय हाय? तर म्हणाली, "आबा, त्या दर्यावरच्या हाटेलाचं हाय. आमच्याकडचा मुक्काम कसा झाला, म्हणून इचारलंय. पाचातले किती तारे देता ते दाबायचं." बायको राखेत, आणि ह्यांना तारे पाहिजेत. मी फोन फरशीवर आपटणार होतो, तिनं हातातून काढून घेतला.

गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड लिहितात. मला गोड लिहायचं नाही. मला राग आलाय, आज दीड महिना झाला तरी तो उतरत नाही, आणि तो कुणाकुणावर आहे ते इथं लिहितो. ऋतुजानं अक्षर नीट करून दिलं, पण शब्द माझेच ठेवायचे अशी तिला ताकीद आहे. हाटेलाचं नाव लिहिणार नाही. कोकणातल्या एका लहान गावात दर्याला तोंड करून ते उभं आहे, एवढं पुरे. फुकटची जाहिरात मी कशाला करू.

मी गवंडी. गाव अणदूर. सिमेंटची गोणी घरोघर पोचली तरी आमच्या घरानं चुन्याचं काम सोडलं नाही. जुने किल्ले, देवळं, माड्या यांना सिमेंट मानवत नाही आणि त्यांची डागडुजी करणारे हात आता फार उरले नाहीत. माझी आणि प्रयागची जोडी होती. चुना भिजवून मुरवायचा, त्यात रेती, गूळ, बेलफळाचं पाणी घालून मळायचा आणि भिंतीला थर द्यायचा, हे माझं काम. त्यावरचा शेवटचा पातळ हात सुकायच्या आत गुळगुळीत दगडानं घासून घासून आरशासारखा आणायचा, ते तिचं. त्याला आम्ही घोटाई म्हणतो. माझं काम कुणीही चार वर्षांत शिकेल. तिचं शिकणार नाही. घोटाई एकदा धरली की सोडता येत नाही, हात थांबला की तिथं सांधा दिसतो, आणि तो जन्मभर दिसतो. भिंत जमून आली की तिला घाम फुटतो, खरोखरचे बारीक थेंब येतात. ते फडक्यानं टिपायचे आणि पुन्हा घासायचं. प्रयाग म्हणायची, "घामाजली बया," म्हणजे तिचं मन भरलं असं समजायचं.

तिचा गोटा बोरी नदीतला. काळाभोर, मुठीत मावेल एवढा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिला चार दगड आणून दिले होते, तिनं चारही फेकले. म्हणाली, "हे तुमच्या हाताचे हायेत. माज्या हाताचा मीच बघती." आणि दिवसभर नदीत वाकून एक घेऊन आली. तोच शेवटपर्यंत वापरला. अंगठ्याच्या जागी त्याला खळगा पडला. आमच्यात एक रीत आहे, भिंत पुरी झाल्याबिगर गोटा धुवायचा नाही. अर्धवट भिंतीचा गोटा धुतला तर ती भिंत पोपडे धरते, असं माझी आई सांगायची. खरंखोटं मला माहीत नाही. पण प्रयागनं ती रीत कधी मोडली नाही. संध्याकाळी चुन्यानं पांढरा झालेला गोटा फडक्यात गुंडाळून उशाला ठेवायची, आणि काम संपलं त्या दिवशी सगळ्यांत आधी तो धुवायची, मग स्वतःचे हात.

बारा-तेरा वर्षांमागची गोष्ट. त्या गावात कुण्या व्यापाऱ्याची जुनी दगडी माडी पडायला आली होती, तिची दुरुस्ती करून हाटेल करायचं होतं. ठेकेदारानं आमच्या भागातून वीस माणसं नेली. आठ महिने आम्ही मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांत काढले. खारं वारं, सगळीकडं ओल, चुना सुकायचं नाव घेईना. दर्याकडच्या लांब व्हरांड्याची भिंत प्रयागनं घोटली. तीन दिवस, रोज एक तुकडा, सकाळी धरला की दिवे लागेपर्यंत. त्या तीन तुकड्यांचे सांधे कुठं आहेत, ते थर देणाऱ्या मला स्वतःलासुद्धा नंतर सापडले नाहीत. दुपारी तिचे हात रिकामे नसायचे म्हणून भाकरीचा घास मी तिच्या तोंडात घालायचो. बाकीच्या बायांना करमणूक झाली. "बघा गं, मिस्त्री बायकूला भरवायलेत." ती तोंडातला घास चावत म्हणायची, "भरवू द्या. कधी न्हवं ते कामाला आलेत."

काम उरकलं त्या दिवशी व्हरांड्यात वेताच्या आरामखुर्च्या मांडल्या. प्रयाग म्हणाली, "एकदा बसून बगू का? आठ महिने पाठच केली दर्याला." मी म्हटलं, ऊठ, ठेकेदार बघंल. ती बसलीच नव्हती तरी मी ऊठ म्हणालो... दुसऱ्या दिवशी उद्घाटन, मोठी माणसं येणार, म्हणून आम्हाला त्या संध्याकाळीच टेम्पोत घालून वाटेला लावलं. टेम्पोत तिनं पदरातून गोटा काढला आणि माझ्यापुढं धरला. धुतलेला होता.

ही खुर्चीची गोष्ट तिनं कधीतरी हसत हसत आमच्या दत्ताला सांगितली. तो पुण्याला नोकरीला असतो. पोरानं ध्यानात ठेवली आणि यंदा त्याच हाटेलात आम्हा दोघांना आणि ऋतुजाला दोन दिवस मुक्कामाला नेलं. दत्तावर माझा राग नाही. त्यानं चांगलंच केलं. गादी एवढी मऊ की प्रयाग म्हणाली, "पाठीला खाली कुणी धरलंय का न्हाय, त्येच कळंना." नाष्ट्याला एवढे प्रकार मांडलेले बघून तिनं एका पोळी वाढणाऱ्या बाईला विचारलं, लगीन कुणाचं हाय? ती बाई हसली, आमची प्रयाग तिच्याहून जास्त हसली.

आत काउंटरपाशी एक मोठा फलक लावलाय. माडी आधी कशी होती, मग कशी झाली, त्याचे फोटो. नकाशा काढणाऱ्या साहेबाचं नाव, मालकाचं नाव, रंगसंगती ठरवणाऱ्या बाईचं नाव. आणि खाली, अनामिक कारागिरांच्या हातांनी ही वास्तू पुन्हा उभी राहिली. ऋतुजानं सगळं वाचून दाखवलं. प्रयागनं विचारलं, "अनामिक म्हंजी?" ऋतुजा म्हणाली, "ज्यांची नावं म्हाईत न्हाईत, ते." प्रयाग म्हणाली, "रोज हजेरीला नाव पुकारत व्हते की." तेवढंच. पुढं चालायला लागली.

संध्याकाळी ती त्या वेताच्या खुर्चीत बसली. एकदाची. पाय लांब करून दर्याकडं बघितलं, थोडा वेळ. मग उठून खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. दत्ता म्हणाला, "आई, दर्या तिकडं हाय." ती म्हणाली, "म्हाईत हाय मला. त्यो कुटं पळून चाललाय?"

भिंतीचं काय झालं होतं ते मलाही दिसलं होतं, पण मी न बघितल्यासारखं केलं. गार हवेच्या मशिनीची नळी घालायला कुणीतरी भिंत फोडली होती, ते भोक सिमेंटनं बुजवलं होतं, आणि सिमेंटचा डाग दिसू नये म्हणून सबंध भिंतीला डब्यातला मलईसारखा रंग फासला होता. घोटलेल्या भिंतीला रंग धरत नाही. त्याला धरायला जागाच नसते. त्यामुळं जागोजागी फुगे आले होते, पापुद्रे सुटले होते. येणारे-जाणारे म्हणत असतील, काय हे खराब काम. प्रयाग बसल्या जागेवरून ते बघत होती. तळहात लावला, काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी आडवा झालो. दत्ता आणि ऋतुजा पाण्यात खेळायला गेलेले. जाग आली तर खोलीत प्रयाग नाही. बाहेर आलो तर व्हरांड्यात पाच-सात माणसांचं कोंडाळं, आणि मध्ये ही. पदर खोचलेला, एका हातात खोलीतला चहाचा चमचा, दुसऱ्या हातात गोटा. मला माहीतच नव्हतं की तिनं गोटा बरोबर आणलाय. चमच्यानं तिनं खिडकीएवढा रंग सोलून काढला होता, कांद्याचं साल निघावं तसा, आणि ओल्या फडक्यानं पुसून त्यावर गोटा फिरवत होती. रंगाखाली तिची भिंत होती तशी होती. समोरचा दर्या तिच्यात दिसत होता. एक गॉगलवाली बाई फोनवर सगळं टिपत होती.

मॅनेजर धावत आला. तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र. "आजी, अहो काय करताय? भिंत खराब केलीत तुम्ही."

प्रयाग हात न थांबवता म्हणाली, "खराब न्हाय केली बाबा. ही माजी भिंत हाय."

"तुमची?" तो हसला, आणि माझ्याकडं वळला. "काका, ह्या तुमच्याबरोबर आहेत का?"

मी मिस्त्री आहे. ही भिंत कुणाची आहे हे तिथं जमलेल्यांत तिच्याशिवाय एकट्या मला माहीत होतं. दोन शब्द बोलायचे होते. पण जन्मभर साहेब दिसला की मान खाली जायची सवय, आणि पोराला भुर्दंड पडंल, लोक काय म्हणतील... मी म्हटलं, "सायेब, वय झालंय तिचं. तिला आता कळत न्हाय. माफ करा."

मॅनेजरचा आवाज लगेच मऊ झाला. "असू दे, असू दे काका. आमच्याकडंही आजी आहे. आत घेऊन जा त्यांना." गॉगलवाली बाई "अरेरे" म्हणाली. प्रयागचा हात थांबला. घोटाई सुरू असताना तिचा हात मध्येच थांबलेला मी पहिल्यांदा बघितला. तिनं गोटा फडक्यात गुंडाळला, चमचा तिथल्या टेबलावर नीट ठेवला आणि माझ्याकडं न बघता खोलीत गेली. मागनं जाऊन मी उलटं तिच्यावरच चिडलो. गोटा कशाला आणलास, पाव्हणं म्हणून आलोय, गप बसायला काय झालतं? ती म्हणाली, "त्येनंबी काम केलंय हितं. म्हणून आणला व्हता."

परतीच्या वाटेवर दत्ता गाडी चालवत होता, ऋतुजा पुढं झोपलेली. घाट चढून सपाटीला लागलो तेव्हा प्रयाग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलली. "मला कळत न्हाय व्हय?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मनात म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी आलो, पेरणीचे दिवस, पाहुणेरावळे, बोलणं राहिलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. तीन आठवड्यांनी सकाळी चहाचं पातेलं उतू गेल्याचा वास आला म्हणून आत गेलो, तर ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली. डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

मॅनेजरवर माझा राग आहे, हसला म्हणून. फलक लिहिणाऱ्यावर आहे. त्या गॉगलवालीवर आहे, कारण तिच्या फोनात माझी प्रयाग खुळी म्हणून राहिली असेल आणि चार जणांनी बघून हळहळ केली असेल. प्रयागवरसुद्धा आहे. जायची एवढी घाई काय होती, मी बोलणार होतो. पण या सगळ्यांचा मिळून जेवढा राग होतो, त्याहून जास्त माझ्या या तोंडावर आहे. घास भरवायचा तेव्हा भरवला, आणि तिच्यासाठी दोन शब्द बोलायचे तेव्हा या तोंडानं ते गिळले. हा मजकूर नीट करताना ऋतुजाला ही गोष्ट पहिल्यांदा कळली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं.

खोटं मी चारचौघांत बोललो, तेव्हा खरं घरात बसून पुटपुटण्यात अर्थ नाही. म्हणून पेपरात लिहितोय. त्या हाटेलाच्या व्हरांड्याची भिंत अणदूरच्या प्रयागनं घोटली. तिला सगळं कळत होतं. ताऱ्यांच्या जागी हेच लिहून पाठव असं मी ऋतुजाला सांगितलंय, आणि तारा एकही देऊ नको म्हणून सांगितलंय.

तेराव्याच्या आदल्या दिवशी बायकांनी घर धुवायला काढलं. माझी मेहुणी भांड्यांबरोबर गोटाही नळाखाली घेऊन चालली होती. मी ओसरीवरून ओरडलो, त्याला पानी लावू नगंस, ठेव तिथं. हातातून हिसकावून घेतला. ती बिचारी दचकली. आत जाऊन बायकांना सांगत होती ते मला बाहेर ऐकू आलं. "दाजींचं वय झालंय. त्यास्नी आता कळत न्हाय." कुणीतरी च् च् केलं... मी ऐकून घेतलं.

गोटा चुलीवरच्या कोनाड्यात आहे, तिनं हाटेलातून आणून ठेवला तिथंच. त्या फडक्यातच. मलईच्या रंगाचा एक पापुद्रा अजून त्याला चिकटलेला आहे. आल्यापासून तीन आठवडे ती घरात होती, रोज त्या कोनाड्यातून काडेपेटी काढत होती, पण तिनं गोटा धुतला नाही.