रांगोळीतलं वाचनालय

आज सकाळी डिझेलचा वास आला आणि मी दार उघडलं. मी तरुण होते तेव्हाही असाच वास आला होता. नाशिक रोडच्या आमच्या वस्तीच्या तोंडाशी घरं पाडायचं यंत्र उभं होतं. मोर्चे काढून सगळे थकलेले. शेजारच्या शांताताई मात्र रस्त्यावर बसून रांगोळीनं पुढं व्हावी तशी वस्ती काढत होत्या. नळ, बाग, वाचनालय!

“ताई, उद्या चूल राहील का नाही, अन् वाचनालय कसलं?” मी विचारलं.

“नातींसाठी गं. रडत बसण्यापेक्षा तू बाग भर.”

मग एकेक बाई रांगोळीची मूठ घेऊन आली. यंत्रानं रांगोळी चिरडली, ताईंचं घरही पाडलं. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यापुढं बसून ताईंनी पुन्हा काढली.

वस्ती पुन्हा उभी राहिली अन् कितीतरी वर्षांनी वाचनालय झालं, तिथंच. आज यंत्र पुन्हा आलंय. वाचनालयातल्या पोरी माझ्या दारात उभ्या आहेत. म्हणतात, “आजी, रांगोळीचा डबा द्या ना.”