साकेलारिसच्या नावाचे गहू

माझा भाऊ स्केवोस शिडाच्या बोटीचा कप्तान आहे. हे मी हसू दाबून सांगतेय. याआधी बारा वर्षं तो आमच्या नगरपालिकेची कचऱ्याची गाडी चालवायचा, आणि खरं बोलायचं तर ती गाडी तो फार छान चालवायचा. अरुंद गल्लीतून उलटी काढताना कुणाच्या दारातल्या कुंडीलाही धक्का लागू द्यायचा नाही. पण कचऱ्याच्या गाडीचे कुणी फोटो काढत नाही. चाळिशीला आल्यावर त्याने परवान्याची परीक्षा दिली, कोस बेटावरच्या एका कंपनीची बोट हाताखाली आली आणि दुसऱ्याच दिवशी डोक्यावर निळी टोपी आली. आठवड्याभरात दाढीही आली.

आता मे ते ऑक्टोबर तो परदेशी पाहुण्यांना आमच्या कालिम्नोस बेटाच्या किनाऱ्याने आठ-आठ दिवस फिरवतो. अख्खी बोट एकाच कुटुंबाची, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तोंड बघायला नको. हे लोक इतक्या लांबून समुद्र बघायला येतात आणि समुद्रावर बसून फोन बघतात. शिडं चढतात ती फोटोपुरती. फोटो झाला की स्केवोस इंजिन चालू करतो, आणि पाहुणे डोळे मिटून म्हणतात, अहाहा, काय शांतता! दुपारी तो त्यांना ‘आज पहाटे पकडलेले’ माकूळ खाऊ घालतो. ते माकूळ आमच्या शेजारच्या दुकानाच्या फ्रीझरमधून निघतात. पिशवी मी स्वतः बघितली आहे.

थापा तो लहानपणापासून मारतो, पण टोपी आल्यापासून त्या थापांच्याही अंगात कोट आला. माझी बेकरी बंदरावरच आहे, बोटीचा पाव माझ्याकडून जातो. एकदा त्याच्या पाहुण्यांतली एक जर्मन बाई दुकानात आली, माझा हात धरून डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली, माझ्या गालाचा मुका घेतला आणि गेली. मला काही कळेना. संध्याकाळी स्केवोसला धरला.

“काय सांगितलंस त्या बाईला?”

“काही नाही गं ताई. एवढंच, की हा पाव एक विधवा म्हातारी लाकडाच्या भट्टीत भाजते.”

“विधवा? तुझे भावजी वर घोरतायत, ऐकू येतंय का? आणि ही भट्टी विजेवर चालते, विजेवर!”

“अगं, विजेची भट्टी बघायला कोण येतं इतक्या लांबून? विधवा म्हटलं की पावाला चव येते.”

“आणि म्हातारी कोण रे?”

त्याने पिशवी उचलली आणि धूम ठोकली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “मेलोच आहे तर उद्यापासून पीठ मळायला उठवू नकोस.” आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं, मारायला त्याला हा एकच माणूस सापडला असेल.

आमचे बाबा, साकेलारिस, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी ते समुद्राच्या तळावरून स्पंज काढायचे. अठ्ठाविसाव्या वर्षी बेटाच्या काळ्या टोकापाशी त्यांचा जोडीदार नोमिकोस खाली गेला तो वर आला नाही. त्याला शोधायला बाबा तोंडात हवेची नळी धरून पुन्हा उतरले, थांबू नये इतका वेळ थांबले आणि मग घाईने वर आले. नोमिकोस सापडला नाही, आणि बाबांचा डावा पाय त्या दिवसापासून लाकडासारखा निर्जीव झाला. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्याचं असंच होतं. आमच्या बेटावर असा पाय दर गल्लीत एक तरी असायचा. आईने शपथ घातली, पुन्हा बोटीत पाऊल टाकायचं नाही. ती त्यांनी आई असेपर्यंत पाळली.

आई गेल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. काळ्या टोकावर संत फोतिनीचं एका खोलीएवढं चर्च आहे. नोमिकोसला थडगं नाही, तेव्हा तिथे जाऊन एक मेणबत्ती लावायची आणि पाद्रीबुवांकडून त्याचं नाव वाचून घ्यायचं, बस. जमिनीवरून तिथे फक्त शेळ्यांची वाट जाते, ती त्या पायाने होणार नाही. कोळ्यांनी कितीदा विचारलं, चला आमच्या होडीतून. बाबा म्हणायचे, “माझ्या पोराची बोट दर गुरुवारी तिथे जाते. मी दुसऱ्याच्या होडीतून का जाऊ?”

आणि पोरगं म्हणायचं, “सीझन संपू दे, बाबा.” सीझन संपला की बोट कोसच्या गोदीत. अशी सहा वर्षं गेली.

तरी बाबांची माया आटली नाही. दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे चर्चसाठी नावं लिहायची असतात. एका कागदावर दोन रकाने, एकात जिवंत, दुसऱ्यात गेलेले, आणि रविवारी पाद्रीबुवा ती नावं मोठ्याने वाचून देवाच्या कानावर घालतात. रकाना चुकला तर मोठा अपशकुन. एकदा घाईत मी मावशीला गेलेल्यांत लिहिलं, तर तिने सहा महिने माझ्याकडचा पाव घेतला नाही. बाबांचा हात कापतो, म्हणून ते नावं सांगतात आणि मी लिहिते. जिवंतांत पहिलं नाव कायम स्केवोसचं. “जो पाण्यावर आहे तो आधी,” ते म्हणतात. पाण्यावर! गुडघाभर पाण्यात नांगर टाकून टरबूज कापणारा आमचा दर्यावर्दी!

गेल्या ऑगस्टमध्ये हॅनेके नावाची एक डच बाई दुकानात आली. स्केवोसच्या बोटीवर त्या आठवड्याला तिचं कुटुंब होतं. कमरेला ओला टॉवेल, नाकावर पांढरं मलम. तिने फोनमध्ये काहीतरी पुटपुटून तो माझ्यासमोर धरला आणि फोन ग्रीकमध्ये बोलायला लागला.

“नमस्कार. मला मेलेल्या साकेलारिससाठी गहू पाहिजेत. तो आमच्या कप्तानाचा बाप. त्याला समुद्राने खाल्ला.”

गहू म्हणजे मेलेल्यांच्या प्रार्थनेला लागतात ते उकडलेले, वर साखर, बदाम आणि डाळिंबाचे दाणे घातलेले. ते मीच करते. आणि भट्टीशेजारच्या खुर्चीवर बसून त्यासाठीच बदाम सोलत होते, खुद्द साकेलारिस. त्यांचा हात थांबला.

बाई बोलत गेली, फोन सांगत गेला. कप्तान दर खेपेला काळ्या टोकापाशी टोपी काढतो, पाण्यात फूल टाकतो आणि सांगतो, की माझा बाप इथे जोडीदाराला शोधायला उतरला तो वर आलाच नाही. सगळे रडतात. तर गुरुवारी कप्तानाला न सांगता तिथे प्रार्थना करायची, पाद्री न्यायचा, गहू न्यायचे. बिचाऱ्याला केवढं बरं वाटेल!

सीझन का संपत नव्हता ते मला तेव्हा कळलं. बुडालेला बाप बोटीत काठी घेऊन बसलेला असला तर फूल कुणासाठी टाकणार? माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्या बाईला सगळं सांगून टाकणार होते, तेवढ्यात बाबाच फोनकडे वाकून बोलले.

“किती माणसांचे करायचे?”

“बाबा!” मी म्हटलं. “जिवंत माणसाच्या नावाचे गहू मी उकडणार नाही. हात झडतील माझे.”

“नोमिकोसच्या नावाचे उकड. पन्नास वर्षांचे राहिलेत त्याचे. हिला कुठे कळतंय?” मग ते पुन्हा फोनशी बोलले, “बाई, मी साकेलारिसला ओळखायचो. मलाही न्याल का?”

हॅनेकेने त्यांना मिठीच मारली. मलम त्यांच्या गालाला लागलं.

ती गेल्यावर मी खूप आदळआपट केली. बाबा शांतपणे बदाम सोलत म्हणाले, “पोरगं आहे, थापा मारतं. पण बाप समोर उभा राहिल्यावर खरं बोलेल. सगळ्यांसमोर म्हणेल, हे माझे बाबा. तू बघच.” त्या आवाजात गंमत नव्हती. नोमिकोसची मेणबत्ती बाजूलाच राहिली होती. आता त्यांना पोराच्या तोंडून तेवढंच ऐकायचं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. मी गव्हाचं तबक घेऊन, पाद्रीबुवा याकोवोस झग्याला इस्त्री करून, बाबा चांगली टोपी घालून. पाद्रीबुवांना मी सगळं आधीच सांगितलं होतं, आणि ते दाढीतल्या दाढीत हसत होते. हॅनेकेने टाळ्या वाजवून स्केवोसला बोलावलं. तो बाहेर आला. आधी पाद्री दिसला, मग तबक, मग बाबा. त्याचा चेहरा मी बघितला. कणीक मळताना पाणी जास्त झालं की होतं तसा.

बाबा बोटीवर चढायच्या फळीपाशी आले आणि त्याच्याकडे बघत थांबले. स्केवोसने हात पुढे केला.

“या काका,” तो म्हणाला. “सांभाळून.”

काका! मला ते तबक त्याच्या टोपीवर उपडं करावंसं वाटलं. बाबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, “आलो, कप्तान.” आणि त्याचा हात न धरता चढले.

बोट निघाली. शिडं चढली, फोटो झाले, स्केवोसचा हात सवयीने इंजिनाकडे गेला. बाबा म्हणाले, “राहू दे. वारा चांगला आहे.” पहिल्यांदाच ती बोट टोकापर्यंत शिडावर गेली, आणि कप्तानाला दोन ठिकाणी दोर कुठला सोडायचा ते काकांनी सांगितलं. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग.

चर्चमध्ये आम्ही आठ माणसं कशीबशी मावलो. हॅनेकेने मोठ्या अक्षरांत साकेलारिस लिहिलेला कागद पाद्रीबुवांना दिला. त्यांनी तो झग्यात सारला, आणि बाबांनी दिलेला कागद काढून खणखणीत आवाजात नोमिकोसचं नाव तीनदा वाचलं. पाहुण्यांना पत्ता लागला नाही, ते रडण्यात गुंतले होते. स्केवोसला मात्र कळलं. त्याने डोळे पुसले. ते अश्रू पाहुण्यांसाठी की खरे, देव जाणे, मला त्याच्याविषयी आता काही सांगता येत नाही. बाबांनी मेणबत्ती लावली, चमचाभर गहू खाल्ले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. बावन्न वर्षांत मी ते पाहिलेलं नव्हतं.

परतताना बाबा पुढच्या टोकाशी एकटे बसले होते. हॅनेकेच्या फोनची बॅटरी संपली होती. तिने स्केवोसला इंग्रजीत विचारलं, “हे म्हातारबाबा केवढे रडले! कोण आहेत हे?”

एवढं इंग्रजी पाव विकून विकून मलाही येतं. आता बोल, मेल्या. बोटभर अंतरावर आलंय, बोलून टाक.

स्केवोसने सुकाणूच्या चाकावरून नजर न काढता सांगितलं, “कुणी नाही. गावातला एक माणूस आहे.”

बाबांनी मान वळवली नाही. लग्नाआधी ते दोन वर्षं ऑस्ट्रेलियात काढून आले होते. ही गोष्ट स्केवोसने लहानपणी शंभरदा ऐकली होती. तो ती विसरला असेल. स्वतःच्याच गोष्टी इतक्या झाल्या, की बापाच्या कुठे लक्षात राहणार?

शनिवारी संध्याकाळी मी कागद-पेन घेऊन भट्टीशेजारी बसले. सवयीने बाबांनी सांगायच्या आधीच जिवंतांच्या रकान्यात पहिलं नाव लिहिलं.

“ते खोड,” बाबा म्हणाले.

मी चमकून वर बघितलं. “बाबा, जिवंत माणसाचं नाव खोडतात का?”

“गेलेल्यांत लिही असं कुठे म्हणतोय? शंभर वर्षं जगो. पण गावातल्या माणसाचं नाव आपण कशाला द्यायचं? त्याच्या घरचे देतील.”

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. स्केवोस तिथे उभा होता, टोपी हातात. उद्याच्या नव्या पाहुण्यांसाठी पाव न्यायला आला होता. चार भाषांत चालणारं ते तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पेनाकडे.

मी खोडलं.