हाललं नाही वं!

मामा गेल्याचं कळलं तेव्हा माझा ड्रोन जानेफळच्या एका वावरावर चाळीस मीटर उंच होता. इयरफोनमध्ये मामीचा रडवेला आवाज... जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत म्हणे. "आधी उतरवते," एवढंच मी म्हणाले, आणि खरोखरच आधी ड्रोन उतरवला. नसता उतरवला तर मामांनी वरूनही माझी हजेरी घेतली असती. मग मात्र बांधावर बसून भोकाड पसरलं.

नांदुऱ्यात मामांचा फोटो स्टुडिओ होता. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं त्यांनी टिपली. पण साठीच्या आसपास हातांना कंप सुटला. एका लग्नाचे सगळेच फोटो हलले, तेव्हा त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि कुणी समोर आलं की हात खिशात घालायला लागले. एरवी ज्यांचं तोंड मिटत नसे, ते मामा घरात गप्प बसून राहायचे. मला तर त्यांचा रागच यायचा.

मी तेव्हा नुकतंच ड्रोन पायलटचं लायसन काढलं होतं. एक दिवस मुद्दाम वरून काढलेला व्हिडिओ त्यांना दाखवला. म्हटलं, वारा असला तरी हा कॅमेरा स्वतःला सावरतो. मामांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावून बघितला. मग हळूच म्हणाले, "माह्या हातानं उडवला तरी नाही हालत?"

झालं! एकसष्टाव्या वर्षी तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरांचा कागद घेऊन स्वारी ड्रोनच्या वर्गात, पोरासोरांत पहिल्या बाकावर. नियम पोथीसारखे पाठ केले आणि उलट माझ्याच चुका काढायला लागले. परीक्षेत हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढायचा असतो. रिमोटच्या दोन्ही दांड्या चिमटीत धरून, श्वास रोखून त्यांनी तो काढला... माझ्यापेक्षा गोल आला, हे कबूल करणं आजही जिवावर येतं.

लायसन आल्यावर मामीने ड्रोनची पूजा केली. हळदीकुंकू ठीक, पण नव्या गाडीला बांधतात तसा लाल नाडाही बांधला, आणि आम्हा दोन शहाण्या पायलटांपैकी एकानेही तिला अडवलं नाही. नाडा पंख्यात गुंडाळला आणि ड्रोन थेट शेजारच्या कडब्याच्या गंजीत! मामी रडकुंडीला आली, मामा पोट धरून हसत सुटले. पंखा बदलल्यावर त्यांनी मामीपुढे मनगट धरलं. "इथं बांध. उडणारा त मीच हाये."

पहिलं काम कापसाच्या जिनिंग कारखान्याचं मिळालं. वरून कापसाचे पांढरेशुभ्र ढीग. मामांनी फोटो मोठा करत करत नेला, तर ढिगावरच्या बाईच्या बांगड्यासुद्धा लख्ख दिसल्या. "हाललं नाही वं, बाई," एवढंच मला म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले. पुढची चार वर्षं हा माणूस घरी सापडेल तर शपथ!

तेरवीनंतर मामीने ड्रोनची पेटी माझ्या हवाली केली. घरी येऊन कार्ड लावलं. मामा रेकॉर्डिंग ड्रोन जमिनीवर असतानाच सुरू करायचे. सुरुवात फुकट जाते म्हणून मी किती ओरडायचे! त्यामुळे प्रत्येक व्हिडिओत पहिले काही क्षण तेच आहेत. समोर उभे, ड्रोन उठला की वर बघून हसतायत. रिमोट धरलेले दोन्ही हात खुशाल थरथरतायत, लपवलेले नाहीत. आणि चित्र जराही हललेलं नाही.