बारा जणांतला एक

अमेरिकेत ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या बारा साध्या नागरिकांत बसायचं, पत्र आलं की माणसाचं तोंड कडू होतं. ऑफिसात लोक एकमेकांना विचारत बसतात, यातून सुटायचं कसं. आमचा राजाराम मात्र ते पत्र यावं म्हणून रोज स्वतः जाऊन मेलबॉक्स उघडायचा. ॲन आर्बरच्या त्या थंडीत, नुसत्या चपला घालून. आता नवऱ्याच्या अशा वेडाला काय म्हणावं?

राजाराम मूळचा भंडाऱ्याकडचा. इथे युनिव्हर्सिटीच्या लॅबमधली मशिनं दुरुस्त करतो. त्र्याण्णव साली आम्ही सिटिझन झालो, तेव्हा आमच्यासोबतच्यांनी व्हिसाची कटकट संपली म्हणून पार्ट्या दिल्या. याने पहिला प्रश्न विचारला, "आता मला ज्युरीत बोलावतील ना?"

का, ते मला ठाऊक होतं. अठ्ठावन्न साली त्याच्या वडिलांनी गावच्या विहिरीवर पाणी भरलं, म्हणून त्यांचं घर जाळलं. घटनेत हक्क लिहून आठ वर्षं झाली होती. सतरावं कलम पाठ करून, अस्पृश्यता संपली हे सांगायला मामंजी तालुक्याला गेले, तर फौजदाराने तक्रारच लिहून घेतली नाही. पुढे कसाबसा खटला उभा राहिला, पण साक्षीदार फुटले आणि सगळे सुटले. "ऐकायला बसलेल्यांत आपला एक जरी असता," असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले. म्हणून राजारामला एकदा ऐकायला बसायचं होतं. एवढंच. बाकी या माणसाने आयुष्यात कधी काही मागितलं नाही, साधी बढतीसुद्धा नाही.

पंचाण्णव साली पत्र आलं. इस्त्रीचा शर्ट, टाय, निळा कोट, सगळं घालून हा कोर्टात गेला. ज्युरीत घेण्याआधी तिथे वकील प्रत्येकाला प्रश्न विचारतात आणि नको असेल त्याला घरी पाठवतात. याला विचारलं, पोलिसाच्या शब्दावर तुमचा विश्वास आहे का? हो म्हण नाहीतर नाही म्हण, मोकळा हो. हा गृहस्थ कायद्यापुढे समानता या विषयावर बोलत सुटला. "थँक यू, सर, यू आर एक्स्क्यूज्ड." अकरा वाजता घरी हजर. कारण काय, तर ते कुणी सांगत नाही, सांगावं लागतही नाही.

"डॅड, नोबडी वॉन्ट्स टु बी ऑन अ ज्युरी," आमची प्रीता म्हणाली. "यू गॉट लकी." तो दिवसभर लेकीशी बोलला नाही.

सत्त्याण्णवला पुन्हा पत्र आलं. या वेळी मी कंबर कसली. आठवडाभर मटार सोलता सोलता मी वकील झाले आणि त्याची उलटतपासणी घेतली. "हे बघ राजाराम, हो की नाही, एवढंच बोलायचं. तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की त्यांना तू नकोसा होतोस." बिचारा शिकला. कोर्टात पहिल्या चार प्रश्नांना शहाण्यासारखं हो-नाही म्हणाला. पाचवा प्रश्न आला: तुमच्या घरच्या कुणाविरुद्ध कधी गुन्हा घडलाय का?

तो म्हणाला, हो. जजने विचारलं, काय झालं होतं? आमचं घर जाळलं. पोलिसांनी काय केलं? काही नाही. सरकारी वकिलाने मान वर करून बघितलं, आणि संपलंच सगळं. त्याची केस पोलिसांच्या साक्षीवर उभी, त्याला असा माणूस कशाला हवा?

माझं डोकंच फिरलं. "नाही म्हणायला काय झालं होतं रे तुला? चाळीस वर्षं होत आली, देश दुसरा, कोण जाणार होतं तपासायला?"

"खरं बोलायची शपथ घेतली होती," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त त्या वकिलाचा. ज्याने अन्याय सोसला तोच न्याय करायला चालत नाही, ही कुठली रीत? मी चार दिवस धुसफुसत होते. तो मुकाट्याने कामावर जात होता.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये पत्र आलं ते माझ्या नावाने. मी नको नको म्हणत गेले. तोच प्रश्न आला. माझ्या माहेरी कुणाचं काही जळलं नव्हतं, पण सासर म्हणजे घरच की. मला ते कळत होतं. मी म्हणाले, "नो." मला घेतलं.

एका बेकरी कामगाराने पोलिसाला ढकललं, असा आरोप होता. तीन दिवस राजारामने मला एक अक्षर विचारलं नाही, कारण खटला चालू असताना घरी बोलायचं नसतं, हा नियम त्याला माझ्याआधी पाठ. डबा मात्र स्वतः भरून द्यायचा. शेवटी आम्हा बारा जणांना एका खोलीत बसवलं. बहुतेकांना जेवायच्या आत घरी जायचं होतं. पटापट हात वर झाले, दोषी. मी म्हटलं, आधी पोलिसानेच ढकललं असं सांगणाऱ्या त्याच्या बहिणीची साक्ष मला पुन्हा ऐकायची आहे. लोक वैतागले. एकाने मला घड्याळ दाखवलं. मी हटले नाही, आणि बाराही जणांचं एकमत लागतं; साक्ष पुन्हा वाचली गेली, तसा एकेक जण फिरला. पाच वाजता तो माणूस सुटला.

घरी येऊन सगळं सांगितलं. राजाराम खुर्ची पुढे ओढून ऐकत होता. बहिणीच्या साक्षीपाशी त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "तुला तो प्रश्न विचारला नाही का?"

"विचारला."

"मग?"

"नाही म्हटलं."

त्याने खुर्ची मागे सारली. "म्हणजे बाबांचं घर कुणी जाळलंच नाही."

"जाळलं," मी म्हटलं. "पण तसं सांगितलं असतं तर मलाही पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं, आणि त्या माणसाचं ऐकायला आपलं कुणी नसतं."