चामड्यानं अक्कल येती

आमच्या मंठाळच्या सुतारअण्णांचा डावा हात कायम बिनकेसांचा असायचा. पटाशी दगडावर घासून झाली की ते कमरेचा जुना पट्टा खिळ्याला अडकवून ताणायचे आणि पातं त्यावरून उलटं ओढत राहायचे. मग हातावरचे केस भादरून धार बघायचे. मी घाई केली की म्हणायचे, "दगडानं धार लागती, अक्का. अक्कल चामड्यानं येती."

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दोन महिन्यांनी दुकान उघडलं, पण ते नुसते बसून असायचे.

"कसं हाय, अण्णा?"

"बरं हाय की."

पण डाव्या हातावर दाट केस उगवले होते. मला ते बघवेनात.

काल मी मोडका पाट घेऊन गेले. तो घ्यायला त्यांनी डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर दोन बोटं जागा भादरलेली होती आणि तिथंच एक ताजी चीर.

"अगं बाई, कापलंय की!" असं म्हणाले खरी, पण कुणाचं कापलेलं बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "उजवा हात थरथरायलाय अजून. पर धार बगा की, अक्का!"