चार तबकड्यांचा हिशेब : गौतमराव साळवे यांच्या साठीनिमित्त

नवी डिस्क एक, नऊ हजार चारशे. वायर दोन, तीनशे साठ. पेटीखाली ठेवायच्या रबराच्या चकत्या चार, ऐंशी. भोईवाडा ते लालबाग टॅक्सीच्या फेऱ्या : गौतमरावांनी आकडा सांगितला नाही, म्हणून ती ओळ कोरी.

गेल्या दोन महिन्यांत आमच्या महिला मंडळाच्या वहीत आवाजांच्या पेटीखाती एवढं आलं आणि एवढं लागलं. गौरवग्रंथात असा मजकूर शोभत नाही, हे मला कळतं. मी मॅट्रिक झालेली बाई. मंडळाची वही लिहिते, त्यापलीकडे छापायला कधी काही लिहिलं नाही. पण गौतमरावांबद्दल खरं लिहायचं तर त्या कोऱ्या ओळीपासूनच सुरुवात करावी लागते.

त्यांची ओळख झाली ती माझ्या सासूबाईंमुळे. गौतमराव तेव्हा एका कचेरीत संगणक विभागात नोकरीला होते आणि रविवारी गिरणगावातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी टिपून घेत हिंडत असत. आमच्या दारात चपला काढून ते उभे राहिले.

"कोणाचो रे तू?" सासूबाईंनी विचारलं.

"भोईवाड्याचा, आजी. जात्यावरची गाणी ऐकायला आलोय."

"जातां खंय आसा हयसर? पीठ गिरणीतसून येता."

"मग गिरणीचं पीठ मळताना गा."

सासूबाई हसल्या आणि दुपारभर गायल्या. आठवड्याने गौतमरावांनी त्या गाण्यांची सीडी घरी आणून दिली. ज्या ज्या घरी त्यांनी आवाज भरून घेतला, तिथे अशी एकेक सीडी पोचवली. "आवाज तुमचा आहे, मी नुसता भरून घेतला," असं ते म्हणायचे. सासूबाईंना जाऊन आता सात वर्षं झाली.

पुढे हे सगळे आवाज एकत्र राहावेत म्हणून मंडळाने चार डिस्कची एक पेटी घेतली. तिचं मर्म गौतमरावांनी मला मंडळाच्या बैठकीत माझ्याच भाषेत समजावलं होतं.

"वहिनी, तीन रकमा आणि खाली बेरीज. एक आकडा पुसला गेला तर?"

"बाकीच्यांवरून काढता येतो."

"आणि दोन पुसले तर?"

"मग नाही निघत."

"बस, या चार डिस्कमध्ये एवढंच आहे."

त्याच बैठकीत त्यांनी दुसऱ्या प्रतीचा खर्च मागितला होता. ही पेटी म्हणजे प्रत नव्हे, प्रत वेगळ्या घरी हवी, असं ते सांगत होते. मी म्हटलं, "एक गेली तरी चालतं, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग आणखी पेटी कशाला?" सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. ती मागणी मी माझ्या हाताने खोडली.

पेटी आमच्या तळमजल्याच्या खोलीत राहिली. यंदा पाडव्याला मी ती देव्हाऱ्याखालच्या फळीवर हलवली. गेलेल्या माणसांचे आवाज आहेत, दिव्याजवळ असावेत, एवढाच विचार केला. त्या भिंतीपलीकडे बबनरावांची मसाला कांडपाची गिरणी आहे. चैत्र लागला की लालबागेत घरोघरचा मसाला व्हायचा असतो, आणि कांडप दिवसभर दणदणत राहतं. तेव्हापासून गाणी अडखळू लागली. एक ओवी सुरू व्हायला पाच पाच मिनिटं लागायची. मला वाटलं, यंत्रही आमच्यासारखं म्हातारं झालं. भल्या माणसाला पुन्हा पुन्हा टॅक्सी करून यायला लावायचं नको, म्हणून मी दोन महिने कळवलंच नाही.

कळवलं त्या दिवशीच गौतमराव आले. कुठल्याही बिघाडाला आधी हात लावायचा नाही, आधी बघत बसायचं, ही त्यांची पद्धत. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ते लिहीत गेले : कुठल्या डिस्कला विचारलं की किती वेळाने उत्तर येतं. तिघी चटकन द्यायच्या, चौथी रेंगाळायची. "तिघी ताटावर बसल्यात आणि चौथीसाठी खोळंबल्यात," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की सकाळी उत्तर लवकर येतं आणि दहानंतर पार रेंगाळतं. ते उठले, भिंतीला तळहात लावला. "वहिनी, इथे हात लावा." भिंत थरथरत होती.

"एवढ्याशा धक्क्यानं?" मी विचारलं.

"आत तबकडी फिरते, वहिनी. वाचणारा काटा हादऱ्याने जागेवरून सरकतो, मग अख्खा फेरा थांबावं लागतं. असं हजारदा."

बबनराव कांडप बंद करून दारात आले. "काय हो साळवे, माझ्या मिरचीनं आता गाण्यांनाही ठसका लागला का?"

"ठसका असता तर पाणी पाजलं असतं, बबनराव," गौतमराव हसत म्हणाले.

पेटी लगेच काढायची होती, पण वर दिवा लावलेला होता. गौतमराव देवपूजा करत नाहीत, घरी बुद्धवंदना म्हणतात. तरी म्हणाले, "आधी दिवा शांत होऊ दे." पाऊण तास ते जमिनीवर बसून राहिले.

पेटी हलवली, रबर घातलं, तरी चौथी सुधारली नाही. ती खरोखरच दुखावली होती. तिच्या जागी नवी बसवली, आणि उरलेल्या तिघींवरून चौथीचं लिहून काढायचं काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिघींमधली एक मधेमधे मुकी झाली. दोन आकडे पुसले गेले. गौतमरावांनी ताबडतोब काम थांबवलं आणि चारही जुन्या डिस्क कापडात गुंडाळून घरी नेल्या. तेव्हापासून ते जुन्या डिस्कवरून जेवढं वाचता येईल तेवढं तुकड्यातुकड्याने उतरवत आहेत. काही आवाज आले, पण मधेच तुटलेले. सासूबाईंचा अजून एक शब्दही आलेला नाही.

"येईल ना हो?" मी विचारलं.

"मला माहीत नाही, वहिनी. येईल म्हटलं, तर तुम्ही देवापुढे बसून वाट बघाल."

मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, दुसरी प्रत का नव्हती? मी उठायच्या आत गौतमराव म्हणाले, "मी जोर धरायला हवा होता. चूक माझी." खोडलेली ओळ माझ्या मांडीवरच्या वहीत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी गप्प बसले. पंधरा वर्षं रविवार मोडून एका माणसाने जमवलेलं माझ्या एका रेघेने गेलं. ते मी तेव्हा बोलले नाही, म्हणून इथे लिहिते : चूक माझी होती.

सासूबाईंची सीडी? पेटीत आहेच म्हणून ती मी कबुतरं येऊ नयेत यासाठी खिडकीत टांगली होती. उन्हाने तिचा मुलामा उडाला आहे. गौतमरावांनी ती उजेडासमोर धरली, मग आपल्या रुमालात बांधून नेली.

गणपतीपाशी मी आता माझ्यासाठी काही मागत नाही. गौतमरावांचे डोळे आणि हात शाबूत राहोत, त्यांना भरपूर आयुष्य मिळो, आणि त्यांनी जमवलेलं त्यांच्या देखत परत येवो, एवढंच मागते. यातलं शेवटचं होईल असं मला वाटत नाही, तरी मागते.

आणि वाचणाऱ्या माहेरवाशिणींनो, सुनांनो, तुमच्या घरी गौतमरावांनी दिलेली सीडी असेल तर शोधा. माझ्यासारखी खिडकीत टांगली असेल तर आज उतरवा. पुसू नका, घासू नका, कागदात गुंडाळा. पत्ता ग्रंथाच्या शेवटच्या पानावर आहे. आहे किंवा नाही, जे असेल ते उलट टपाली कळवा.

सुनंदा परब, लालबाग